ग्वाटेमालाच्या डोंगरावर कुकर

नेदरलँड्सच्या हूफडॉर्पमधल्या कुठल्याही मराठी माणसाला सुट्टीत कुठे जायचं असलं की तो आधी रविकांत आठल्येला फोन करतो. विमान कुठून घ्यावं, राहावं कुठे, काय पाहावं आणि काय नाही पाहिलं तरी चालेल, हे विचारतो. शेवटच्या प्रश्नाला रविकांतकडे उत्तर नसतं. त्याच्या मते सगळंच पाहायचं असतं, फक्त कुठेच जास्त थांबायचं नसतं. याला तो हायलाइट्स म्हणतो.

त्याची पद्धत सोपी आहे. ठिकाणावर पोचायचं. फोटो जिथून चांगला येतो तिथे उभं राहायचं. फोटो काढायचा, स्वच्छतागृहात जाऊन यायचं आणि बस पकडायची. पुण्याहून कुणाचे आईवडील आले की तो त्यांना एका दिवसात ट्युलिपची बाग, पवनचक्क्या आणि आम्स्टरडॅमचे कालवे दाखवून जेवणाच्या वेळेला घरी आणून सोडतो. ती माणसं सोफ्यावर पडतात आणि म्हणतात, छान होतं हो सगळं. काय छान होतं ते त्यांना सांगता येत नाही.

मी स्किपोल विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करून निवृत्त झालो. माझी बायको शैला नागपूरहून इथे नर्स म्हणून आली, तिच्यामागून मी आलो. विमानाच्या पोटात गुडघ्यांवर सरकत बॅगा रचायच्या, असं ते काम होतं. त्यात पाठ गेली. प्रवासाला निघालेल्या माणसाचं मला फारसं कौतुक नाही. तो बसून जातो, त्याचं ओझं दुसरा कुणी उचलतो, आणि परत आल्यावर दमलो म्हणून तोच सांगतो.

रविकांतशी माझी ओळख बॅगेवरूनच झाली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो माझ्याजवळ आला.

"यादवकाका, तुम्ही विमानतळावर होतात ना? खरं सांगा, चार चाकांची बॅग घ्यावी की दोन?"

"हलकी घे."

"ते झालंच. पण चाकं?"

"भरणार किती?"

"तेवीस किलो तर देतातच की."

"देतात म्हणून भरायची?"

तो हसला आणि चार चाकांची घेतली.

ही हाव त्याच्या वडिलांची. ते पुण्यात बँकेत होते. बँकेची एलटीसी मिळायची, म्हणजे काही वर्षांतून एकदा सगळ्या कुटुंबाचं प्रवासभाडं बँक देणार. मिळतंय तर सोडायचं कशाला, म्हणून आठल्ये कुटुंब एका दमात सगळा दक्षिण भारत करून यायचं. करून येणं हा शब्द त्यांचाच. म्हैसूर केलं, उटी केलं, रामेश्वर केलं. बरोबर एक मोठा कुकर असायचा आणि धर्मशाळेत वडील स्वतः वरण-भात लावायचे. कन्याकुमारीला त्यांनी सगळ्यांना अंधारात उठवून सूर्योदय पाहायला नेलं. ढग होते. सूर्य काही दिसला नाही. वडील म्हणाले, दिसला असं समजा, चला आता. रविकांत ही गोष्ट हसत हसत सांगतो. ऐकणारेही हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

पुढे रविकांत कॉम्प्युटरमध्ये शिकला, इथे आला, आम्स्टरडॅमला स्लोटरडाइकच्या एका कचेरीत मॅनेजर झाला, हूफडॉर्पच्या नव्या वस्तीत घर घेतलं. वडील गेले, कुकर इकडे आला. आता तोही पोर्तुगाल केलं, आइसलँड केलं म्हणतो. त्याच्या फ्रिजचं दार चुंबकांनी भरलंय. आपल्या घरातला फ्रिज कुठल्या रंगाचा आहे हे त्याची बायको नीरजा खात्रीने सांगू शकत नाही.

मंडळात एक रिवाज आहे. मोठी सहल करून आलेल्याने वस्तीतल्या सभागृहात सर्वांना बोलवायचं आणि पडद्यावर फोटो दाखवायचे. चिवडा-कॉफी असते. रविकांत दहाव्या क्रमांकाच्या ठिकाणापासून सुरू करतो आणि चढत चढत पहिल्यावर येतो. पहिल्या क्रमांकाला टाळ्या पडतात. एक संपूर्ण देश तासाभरात निकालात निघतो.

त्याची मुलगी ईशानी सोळा वर्षांची. गेल्या दोन सहलींना ती गेली नाही, आमच्याकडे राहिली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. ती शैलाबरोबर मेथी निवडत बसली होती, तेव्हा शैलाने तिला विचारलं.

"का ग नाही गेलीस आईबाबांबरोबर?"

"मला बाबा कशाला नेतो माहीत आहे? देवळासमोर उभं करायला. माणूस उभा असला की देऊळ किती उंच ते कळतं म्हणे. त्याला एक झाडू उभा केला तरी चालेल."

"काहीतरीच बोलतेस."

"आइसलँडला मी धबधब्याचं चित्र काढत बसले होते. बाबा म्हणाला, ऊठ, माझ्याकडे फोटो आहे, घरी बघून काढ."

"मग काढलंस?"

"फोटोत तो उभा आहे. धबधबा दिसत नाही."

शैला हसली. ईशानी हसली नाही.

मग रविकांतने ग्वाटेमाला ठरवलं. मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत, मंडळातली सात-आठ कुटुंबं घेऊन. त्याच्या घरी बैठक झाली. पडद्यावर ओळीने ठिकाणं आली. अँटिग्वा, म्हणजे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं जुनं शहर. अतित्लान तळं. चिचिकास्तेनांगोचा बाजार. तिकाल, जंगलातली माया लोकांची मोठाली मंदिरं, तो क्रमांक एक. आणि अकातेनांगो. हा शांत झालेला ज्वालामुखी. त्याच्यावर चढायचं, तंबूत मुक्काम करायचा आणि समोरचा फ्युएगो पाहायचा. फ्युएगो अजून जागा आहे, धूर आणि राख फेकत असतो.

"वरपर्यंत जीपची सोय आहे," रविकांत म्हणाला. "घाबरायचं कारण नाही."

ईशानी पाणी न्यायला खाली आली होती. ती पडद्याकडे पाहत उभी राहिली.

"चालत जाता येतं?"

"येतं. पण सगळा दिवस त्यातच जातो."

"मग मी येते. पण तू माझ्याबरोबर चालायचं. खालपासून तंबूपर्यंत. जे न्यायचं ते आपण पाठीवर न्यायचं. मध्येच गाडीत बसलास तर मी पुन्हा तुझ्याबरोबर कुठेही येणार नाही. कधीच."

ती डचमध्ये बोलली. ज्यांनी इथली भाषेची परीक्षा अजून दिलेली नाही त्यांनाही ते समजलं. पोरगी दोन वर्षांनी शिकायला घराबाहेर जाणार होती, हेही तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"ठरलं," रविकांत म्हणाला.

"नीट ऐकलंस ना?" नीरजाने विचारलं. "ती विसरणारी नाही."

"अगं, मी सिंहगड चढलोय."

"कॉलेजात."

सरावासाठी रविकांतने सगळ्यांना आर्नहेमला नेलं. तिथे टेकड्या आहेत. सपाट देशात त्यांना मान आहे. मंडळी वर गेली, फोटो काढले, खाली येऊन पॅनकेक खाल्ले. रविकांतने ग्रुपवर लिहिलं की सराव उत्तम चालू आहे. पुढच्या रविवारी ईशानी एकटी पुन्हा आर्नहेमला गेली. त्या दिवशी रविकांत तिकालच्या मंदिरांची माहिती गोळा करत होता.

आम्ही जाणार नव्हतो. शैला म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांच्या बॅगा चढवल्यात, एकदा आपली चढवा." म्हणून गेलो.

मद्रिदला विमान बदलून आम्ही ग्वाटेमालाला उतरलो. अँटिग्वात दगडी रस्ते आहेत आणि एका रस्त्यावर पिवळी कमान आहे. कमानीतून लांबवर डोंगर दिसतो. आमच्या लोकांनी कमानीखाली रांग लावली. एकेक जण पुढे जाऊन कमानीकडे आणि डोंगराकडे पाठ करून उभा राहायचा. ती कमान किती उंच आहे हे कळण्यासाठी रविकांतने ईशानीलाही उभं केलं. ती उभी राहिली. 

चिचिकास्तेनांगोला बाजाराच्या मधोमध चर्च आहे. त्याच्या पायऱ्यांवर बायका फुलं विकतात आणि काही जण धूप घालतात. आमच्यातला सौमित्र, वय तिशीचं, हातात कायम कॅमेरा, त्याने धूप घालणाऱ्या एका बाईच्या नाकाशी कॅमेरा नेला. तिने त्याच्याकडे न पाहता धुपाचा डबा त्याच्या बाजूला झुलवला. तो खोकत खाली आला. मला ती बाई आवडली.

अतित्लान तळ्याकाठी बरीच गावं आहेत. आम्ही होडीने फिरून ती केली. कुठल्या गावात काय पाहिलं हे मला आता सांगता येणार नाही. रविकांतला येईल, त्याच्याकडे फोटो आहेत.

हे सगळं चाललं असताना ईशानी काही मागत नव्हती, कुठे थांबत नव्हती, चित्रांची वही बाहेर काढत नव्हती. ती डोंगराची वाट पाहत होती. रविकांतला ते दिसत होतं. तो तिच्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलत होता आणि माझ्याशी जिना चढताना धाप लागू नये म्हणून काय करावं याबद्दल. मी म्हटलं, जिने चढावेत.

कुकरचं असं झालं. मंडळाच्या सहलीत परदेशात एक दिवस तरी वरण-भात झालाच पाहिजे, आणि तो म्होरक्याने आपल्या हाताने करायचा, असा दंडक आहे. या वेळी वरण-भात ज्वालामुखीवर होईल असं रविकांतने हूफडॉर्पमध्येच जाहीर केलं होतं. वडिलांचा कुकर त्याने त्यासाठीच विमानातून आणला होता. तो जीपमधून वर जाणार होता. डोंगराच्या पायथ्याशी, ला सोलेदाद नावाच्या गावात, ईशानीने सॅक भरता भरता विचारलं.

"कुकर कुठे आहे?"

"जीपमध्ये."

"वरण-भात तू करणार आहेस ना?"

"हो."

"जे न्यायचं ते आपण न्यायचं."

रविकांतने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. तो जीपकडे गेला, कुकर घेऊन आला आणि सॅकमध्ये घातला. मग तांदूळ, डाळ, तुपाची बाटली, लोणचं आणि मंडळाचा कापडी फलक. एवढं भरून झाल्यावर पाण्याला जागा उरली नाही, तेव्हा फलक काढला.

त्या गावात भाड्याने ओझी वाहणारी माणसं आहेत. कपाळाला पट्टा लावून पाठीवर घेतात. मी त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. त्यांच्यातला एक जण रविकांतच्या सॅकवर टिचकी मारून आतल्या भांड्याचा आवाज ऐकून हसला. सौमित्रने त्यांचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, स्थानिक जीवन.

चालायला निघालेले पुष्कळ होते. सौमित्र होता, त्याची बायको सुरुची होती, अजून काही जण. पायवाट मक्याच्या शेतांतून सुरू होते. ज्वालामुखीची वाळू असते, पाय पुढे टाकला की अर्धा मागे येतो. मक्याचं शेत संपायच्या आत बहुतेक मंडळी परत आली. कुणाचा बूट लागत होता, कुणाला उंचीचा त्रास होत होता. उंची अजून लागायची होती. ती सगळी जीपमध्ये चढली. नीरजा गुडघ्यांमुळे आधीपासून जीपमध्येच होती. मीही होतो, पाठीमुळे, आणि माझ्याबरोबर शैला. जीपमधून डोंगरावर जाण्याला मी डोंगर चढलो असं म्हणत नाही. बाकीच्यांनी तसं घरी कळवलं होतं. जीप अजून सुरूही झाली नव्हती.

वर जंगलात एका वळणावर जीपचा रस्ता आणि पायवाट जवळजवळ येतात. तिथे आम्हाला ती दोघं दिसली. रविकांत दगडावर बसला होता. तोंड उघडं, शर्ट भिजलेला, चेहरा राखेच्या रंगाचा. ईशानी थोडी वर उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. जीप थांबली.

"झालं की तुमचं पुष्कळ," सौमित्र म्हणाला. "चला रविकांतदा, बसा."

"पाणी आहे का तुझ्याकडे?" नीरजाने विचारलं.

रविकांतने मान हलवली. आहे.

"रंग बघ स्वतःचा."

रविकांतने बाहीने तोंड पुसलं. त्याला बोलायला श्वास नव्हता.

सौमित्र खाली वाकला आणि हळू बोलला, म्हणजे त्याला हळू वाटेल असं. "शेवटच्या वळणावर उतरा आणि तिथून चालत या. कोण बघतंय?"

जीपमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जीपमध्ये बसलेल्या माणसांना अजून एक माणूस जीपमध्ये हवा असतो. ईशानीने हे सगळं ऐकलं. ती वळली नाही.

"निदान कुकर तरी द्या," सुरुची म्हणाली. "नाहीतर आम्ही जेवायचं काय?"

रविकांत उठला. सॅक पाठीवरच होती. तो जीपपाशी आला आणि बाजूचा लोखंडी दांडा धरला. मला वाटलं, संपलं. गेली दोन वर्षं जे चाललं होतं ते इथे या वळणावर संपलं, आणि आता ती पोरगी त्याच्याबरोबर फक्त दवाखान्यात येईल, तेही म्हातारपणी. सौमित्र सरकून बसला, त्याला जागा करून दिली.

रविकांत दांडा धरून श्वास घेत उभा राहिला. मग म्हणाला, "मीठ आहे का कुणाकडे? मी विसरलो."



"एवढं सगळं घेतलं," नीरजा म्हणाली, "आणि मीठ विसरलास?"

"विसरलो."

माझ्या पाठीला शेक द्यायला शैला जाड मीठ बरोबर ठेवते. तिने पिशवीतून पुडी काढून त्याला दिली. त्याने ती खिशात ठेवली.

"कुकर?" सुरुचीने पुन्हा विचारलं.

"येतोय ना वर," रविकांत म्हणाला आणि वळला. "चल ग."

तेव्हा ईशानी वळली. तिने सॅकसाठी हात पुढे केला. त्याने नाही म्हटलं. ती काहीतरी बोलली, बहुधा डचमध्ये, कारण आवाज चढला. जीप वरच्या वळणावर गेली तिथून मी मागे पाहिलं. त्यांनी वाटणी केली होती. कुकर तिच्या सॅकला बांधला होता, बाकीचं त्याच्याकडे.

आम्ही तंबूंपाशी पोचलो तेव्हा सगळीकडे ढग होता. दुपारी तो थोडा वेळ फाटला. समोर फ्युएगो दिसला आणि त्याच्या तोंडातून राखेचा मोठा गोळा वर आला. मंडळी ओरडली. सगळ्यांचे हात फोनसकट वर गेले. मी पाहिला. चांगला होता. मग ढग पुन्हा मिटला.

वाटाड्यांनी जेवण दिलं. काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या भाकऱ्या. वरण-भात नाही म्हणून कुरकुर झाली. उसळ मात्र उरली नाही.

ती दोघं उजेड संपता संपता आली. आधी ईशानी दिसली, तिच्या मागे कुकरचा आवाज, मग रविकांत. तो काठीवर सगळा भार टाकून चालत होता. तंबूंपाशी आला आणि खाली बसला. ईशानीने त्याचे बूट काढले.  नीरजाने त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

सौमित्र फोन घेऊन आला. "अहो, थोडक्यात हुकलात. हे बघा, काय उडालाय. पाठवतो तुम्हाला." मग हसून म्हणाला, "दिसला असं समजा."

ती कन्याकुमारीची गोष्ट सौमित्रने सभागृहात दर वेळी ऐकलेली होती. रविकांतने फोनकडे पाहिलं नाही. सौमित्रकडे पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मला नाही दिसला," तो म्हणाला. "ठेव तुझ्याकडे."

"अहो, पण सभागृहात दाखवायला लागेल ना."

"तू दाखव."

मग तो उठला. उठायला त्याला दोन प्रयत्न लागले. वाटाड्यांच्या चुलीवर त्याने कुकर लावला. लोकांची जेवणं झाली होती, कुणी हललं नाही. ईशानी लाकडं सारत बसली. वरणात मीठ जास्त झालं होतं आणि भात खालून लागला होता. त्या दोघांनी खाल्ला. नीरजाने खाल्ला. मी आणि शैलाने खाल्ला. चांगला झालाय असं मी म्हणालो नाही. चार माणसांचं काम करून आलेल्या माणसाला खोटं ऐकवू नये.

ढग सकाळीही हटला नाही. फ्युएगोचा आवाज तेवढा यायचा, कुणी मालाचा डबा उंचावरून टाकावा तसा. रविकांत आणि ईशानी ढगाकडे तोंड करून बसून राहिली. निघायची वेळ झाली असं त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं. हे मी पहिल्यांदा पाहिलं.

उतरतानाही ती दोघं चालतच आली, फार हळू. तिकालला जाणारं विमान त्याच दिवशी होतं. वाट पाहणं शक्य नव्हतं. आम्ही नीरजाबरोबर गेलो आणि ती दोघं अँटिग्वात राहिली. क्रमांक एक, ज्यासाठी रविकांतने सगळा हिवाळा माहिती गोळा केली होती, तो त्याचा पाहायचा राहिला. तिकालला मी मंदिरं पाहिली, माकडांचं ओरडणं ऐकलं, आणि सौमित्रने प्रत्येक मंदिराची उंची कळावी म्हणून सुरुचीला प्रत्येकासमोर उभं केलं ते पाहिलं.

अँटिग्वाला परत आल्यावर नीरजाने त्याला विचारलं, "काय केलंत?"

"बसलो होतो."

"कुठे?"

"चौकात. ती चित्र काढत होती."

"दिवसभर?"

"दिवसभर."

नीरजाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

महिन्याभराने हूफडॉर्पच्या सभागृहात ग्वाटेमालाची संध्याकाळ झाली. चिवडा सुरुचीने आणला होता, नरम पडलेला. रविकांतने नेहमीसारखं दहापासून सुरू केलं. कमान दाखवली, तळं दाखवलं, बाजार दाखवला. त्याच ठरावीक वाक्यांत, त्याच उत्साहात. या माणसाला डोंगराने फार बदललं असं मला वाटलं नाही. अकातेनांगोच्या वेळी पडद्यावर फक्त नाव आलं. फोटो नव्हता. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"फ्युएगो कसा दिसतो हो?"

"मला दिसला नाही. सौमित्रकडे आहे."

"अहो, मग दिवसभर चढून तुम्ही पाहिलं काय?"

रविकांतने विचार केला. "ईशानीच्या टाचा," तो म्हणाला. "ती पुढे होती. मान वर करायचं त्राण नव्हतं. तिच्या डाव्या बुटाची मागची शिवण उसवली आहे."

लोक खूप हसले. त्यांना तो विनोद वाटला.

"उजव्या," ईशानी मागून म्हणाली. मराठीत. तिच्या हातात चिवड्याची बशी होती. या कार्यक्रमाला ती कधी येत नसे.

"डाव्या ग."

"उजव्या. मीच घालते ना तो."

दिवसभर एकच गोष्ट समोर होती आणि तीही धड पाहिली नाही. मी शैलाला तसं म्हणालो. शैला म्हणाली, गप्प बसा.

मग सौमित्रने फ्युएगो दाखवला, तिकाल दाखवलं, टाळ्या झाल्या. पुढच्या वर्षी मंडळाची सहल त्याने न्यावी असं काही जण बोलू लागलेत. नेईल. त्याच्याकडे कॅमेरा चांगला आहे.

रविकांतचं होंडुरास ठरतंय. मंडळाबरोबर नाही, घरच्या घरी. ठिकाणं भरपूर काढली आहेत, त्यातली निम्मी ईशानीने खोडली, असं नीरजा सांगत होती. खोडलेली तो पुन्हा लिहितो, ती पुन्हा खोडते. परवा त्याचा फोन आला.

"यादवकाका, पाठीवरची सॅक घ्यायची आहे. कुठली घेऊ?"

"हलकी घे."

"ते झालंच," तो म्हणाला. "पण कुकर मावला पाहिजे."